सुरतेची तापी: बंदर कसं आलं, कसं गेलं

सुरत म्हटलं की आपल्याला महाराजांची लूट आठवते, आणि खान्देशातले असाल तर लग्नाचा बस्ता. पण लुटण्याएवढा पैसा त्या गावात आला कुठून हे शाळेत कुणी सांगत नाही, आणि त्याचं अर्धं उत्तर आपल्याच भुसावळवरून वाहत जातं.

तापी निघते मुलताईला, चांगदेवला पूर्णा येऊन मिळते, मग गिरणा, पांझरा घेत प्रकाशावरून ती गुजरातेत शिरते आणि ७२४ किमी झाल्यावर डुमसजवळ खंबातच्या आखातात जाते. या लांबलचक खोऱ्यातूनच बऱ्हाणपूर ते सुरत हा मोगलांचा मोठा व्यापारी रस्ता होता. म्हणजे माल नदीतून होड्यांनी नाही यायचा, नदीच्या कडेकडेने बैलांवर, गाड्यांवर यायचा, कापूस, कापड, काय काय. मागे एवढा मुलूख आणि पुढे अरबी समुद्र, गाव मोठं होणारच की!

खरं तर आधीचं बंदर समोरच्या काठावरचं, रांदेर. ते १५३० मध्ये पोर्तुगीजांनी जाळलं आणि मग सुरत वर आली. पोर्तुगीजांच्या धाकाने गुजरातच्या सुलतानाचा सरदार खुदावंद खान याने १५४० च्या दशकात नदीकाठी किल्ला बांधला, १५७३ ला अकबराने गाव घेतलं, आणि त्यानंतर सुरतेचे खरे दिवस सुरू झाले, कारण मोगल राज्यातले हाजी इथूनच मक्केला जहाजात बसायचे. त्यांच्यासाठी १६४४ मध्ये बांधलेली मुघलसराई अजून उभी आहे, तिथे आता सुरत महापालिकेचं मुख्य ऑफिस आहे.

पण गंमत अशी की ही नदी बंदर म्हणून तशी अडचणीचीच. मुखाशी गाळ आणि वाळूचे दांडे, मोठं भरलेलं जहाज आत यायचं म्हणजे धोका, त्यामुळे युरोपियन जहाजं नदीच्या बाहेर सुवालीला नांगर टाकायची आणि तिथून माल छोट्या होड्यांनी नाहीतर गाड्यांनी गावात. १६१२ मध्ये इंग्रजांच्या थॉमस बेस्टने पोर्तुगीजांना हरवलं ते याच सुवालीपाशी, आणि मग १६१३ ला सुरतेत इंग्रजांची वखार.

मग जानेवारी १६६४. किल्ला नदीच्या वाटेने येणाऱ्या शत्रूसाठी बांधलेला आणि महाराज आले जमिनीवरून, सुभेदार इनायत खान गाव वाऱ्यावर सोडून त्याच किल्ल्यात दडून बसला. वीरजी व्होरासारख्या सावकारांच्या हवेल्या साफ झाल्या, आणि १६७० मध्ये परत एकदा. आपण "सुरत बदसुरत केली" म्हणतो खरं, पण बंदर काही लुटीने बसलं नाही, त्यानंतरही व्यापार जोरात होता. मोगल सत्ता खिळखिळी झाली, गाळ होताच, आणि मुंबईला खोल पाण्याचं बंदर आयतं मिळालं, माझ्या मते खरं कारण हे. कंपनीने १६८७ मध्ये मुख्य ठाणं मुंबईला हलवलं, १७३६ च्या सुमारास लवजी वाडिया हा पारशी जहाजबांधणीवाला सुरतेहून मुंबईला गेला. आणि १८३७ मध्ये तर एकाच वर्षी आधी मोठी आग, नंतर तापीचा पूर.

पुराचं म्हणाल तर १९७२ ला उकाई धरण झालं तेव्हा लोकांना वाटलं सुटलो आता. ऑगस्ट २००६ मध्ये धरण आधीच बरंच भरलेलं, वर आमच्याकडे धो धो पाऊस, मग सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावं लागलं आणि बहुतेक शहर बुडालं. उधना, लिंबायत भागात खान्देशी माणसं भरपूर, लूमवर काम करणारी, त्यामुळे त्या दिवसांत जळगाव-धुळ्यात घरोघरी फोन लागत नाही म्हणून जीव टांगणीला.

आषाढ शुद्ध सप्तमीला तापी जयंती असते, सुरतेत नदीला चुंदडी, म्हणजे ओढणी, चढवतात. आणि मोठी जहाजं? ती आजही शहरापर्यंत येत नाहीत, मुखाशी हजिऱ्याला लागतात, जुन्या सुवालीच्या अगदी शेजारी.