विमानात घाणेरड्या मोज्यांचा वास आला तर

विमानातली हवा कुठून येते असं विचारलं तर बहुतेक जण म्हणतील बाहेरून, आणि ते बरोबरच आहे, फक्त बाहेरून आत येताना ती इंजिनातून येते हे सहसा कोणाला माहीत नसतं. ३५ हजार फुटांवर हवेचा दाब जमिनीवरच्या साधारण पावपट उरतो, थंडी उणे ५० अंशांच्याही खाली, म्हणजे ती हवा दाबून आणि गरम करूनच आत सोडावी लागते. जेट इंजिनाचा कॉम्प्रेसर हे काम तसंही करतच असतो, मग त्यातलीच थोडी हवा केबिनसाठी काढून घेतात, तिला ब्लीड एअर म्हणतात. ही हवा इंधन जळायच्या आधीच काढलेली असते, त्यामुळे तो इंजिनाचा धूर नव्हे. तिथपर्यंत सगळं ठीक.

घोळ आहे तेलाचा. इंजिनाच्या बेअरिंगला तेल लागतं आणि ते तेल नि ही हवा यांच्यामध्ये असतात फक्त सील. हे सील नळाच्या वायसरसारखे गच्च बसणारे नसतात, बरेचसे हवेच्या दाबावरच तेल अडवून धरतात, आणि इंजिनाचा जोर कमीजास्त होताना तो दाब हलला किंवा सील झिजलेलं असलं की थोडं तेल हवेत निसटतं. तापलेल्या हवेत त्याची वाफ होते, धुकं होतं, आणि केबिनमध्ये घाणेरड्या मोज्यांचा नाहीतर ओल्या कुत्र्याचा वास येतो! केबिन क्रूकडून याच दोन उपमा पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतात.

मग फिल्टर काय करतो? कोविडमध्ये ज्याचं एवढं कौतुक झालं तो हेपा फिल्टर असतो केबिनमध्ये फिरवून परत वापरायच्या हवेवर, आणि तो अडवतो कण. वाफ आणि वायू त्यातून खुशाल पार जातात.

या तेलात झीज कमी करायला ट्रायक्रेसिल फॉस्फेट नावाचं रसायन घालतात. त्याचा एक प्रकार मज्जातंतूंवर घाला घालतो हे १९३० मध्येच कळलं होतं, अमेरिकेत दारूबंदीच्या काळात आल्याच्या अर्कात त्याची भेसळ झाली आणि हजारो लोकांचे पाय लुळे पडले. हल्लीच्या तेलात तो प्रकार अगदी नावापुरता असतो, म्हणून विमान उद्योग म्हणतो की एवढ्याशा मात्रेने काही होत नाही. उलट बाजूचे म्हणतात, एकाच रसायनावर नजर का, बाकीचे प्रकार, कार्बन मोनॉक्साइड, अतिसूक्ष्म थेंब हे सगळं एकत्र आणि वर्षानुवर्षं नाकात गेलं तर? डोकेदुखी, हातापायाला मुंग्या, विसरभोळेपणा अशा तक्रारींना १९९९ मध्ये एरोटॉक्सिक सिंड्रोम असं नाव दिलं गेलं, पण अधिकृत आजार म्हणून मान्यता अजून नाही.

मला विचाराल तर खरी अडचण मोजमापाची आहे. बहुतेक विमानांत हे ओळखणारा सेन्सरच नाही, सेन्सर म्हणजे क्रूचं नाक, आणि नाक कोणत्याही वासाला काही मिनिटांत सरावतं. ब्रिटनमध्ये क्रॅनफिल्ड विद्यापीठाने १०० उड्डाणांत हवा तपासली, २०११ मध्ये अहवाल आला, मर्यादेबाहेर काही सापडलं नाही, पण त्या उड्डाणांत मोठी गळतीही झालेली नव्हती, मग सापडणार काय! डिसेंबर २०१० मध्ये जर्मनीत कलोन-बॉनला उतरताना एका एअरबसच्या दोन्ही पायलटना उग्र वासाने गरगरायला लागलं, त्यांनी ऑक्सिजन मास्क लावून कसंबसं विमान उतरवलं. चौकशी झाली, वास नेमका कशाचा ते ठरलं नाही.

पायलटच्या मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन मिळतो. प्रवाशांच्या डोक्यावरून खाली पडणाऱ्या पिवळ्या मास्कचा इथे उपयोग नाही कारण त्यात केबिनचीच हवा मिसळते.

बोइंग ७८७ मध्ये केबिनची हवा इंजिनातून घेतच नाहीत, वेगळे विजेवरचे कॉम्प्रेसर लावलेत, म्हणजे दुसरा मार्ग आहे हे २०११ पासून सगळ्यांसमोर आहे. बाकीच्या विमानांतल्या क्रूने मात्र असा वास आला तर उतरल्या उतरल्या रक्त तपासून घ्यावं, कारण रक्तातला कार्बन मोनॉक्साइड साध्या हवेत चार-पाच तासांत निम्मा होतो, ऑक्सिजन लावला असेल तर त्याहून लवकर, आणि रिपोर्ट लिहून, ड्युटी संपवून, दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेलं तर तपासणीत सगळं नॉर्मल.