३/५० भारी, ४७/५० हलकं?

पर्यावरणासाठी निधी उभारणाऱ्या लिमिटेड एडिशन प्रिंटमध्ये (मोजक्याच प्रती छापलेल्या चित्रांत) ३/५० वर, म्हणजे पन्नासपैकी तीन क्रमांकाच्या प्रतीवर, उड्या पडतात, ४७/५० कोपऱ्यात पडून राहतं. लहान आकडा म्हणजे आधी छापलेलं, म्हणून सरस, असा समज.

तो खरा आहे मुख्यतः ड्रायपॉइंटसारख्या, पत्र्यावर कोरून केलेल्या छपाईत. सुईने तांब्यावर उठलेली खरबरीत कड दर छपाईला दबत जाते, रेषेची मखमल उतरते. स्क्रीनप्रिंट (जाळीतून शाई दाबून छपाई), ऑफसेट (रबरी रोलरवरून यंत्रछपाई) यांना हे लागू नाही. शिवाय कागद वाळतात, गठ्ठा वरखाली होतो, मग पेन्सिलीने आकडा आणि सही; म्हणजे आकडा छपाईचा क्रम सांगेलच असं नाही.

अमेरिकन चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्गने १९७० च्या पहिल्या 'अर्थ डे'साठी (वसुंधरा दिनासाठी) गरुडाचं पोस्टर केलं, तेही ऑफसेटच! त्यात लहान आकडा शोधणं व्यर्थ. मी तर मुद्दाम शेवटचे आकडे उचलतो. तिथे गर्दी नसते.