तासिका तत्त्वावर तत्त्वज्ञानाच्या अध्यापकाची नेमणूक

पूर्ण वेळ पद रिक्त असेल किंवा कार्यभार, म्हणजे आठवड्याचे शिकवण्याचे तास, एका पदाइतका भरत नसेल, तर महाविद्यालय ठरावीक तासांपुरता अध्यापक नेमते. कागदोपत्री ही घड्याळी तासिका तत्त्वावरील नेमणूक, स्टाफरूममध्ये ‘सीएचबी’ (क्लॉक अवर बेसिस). सातारा व सांगली जिल्ह्यांतील बहुतेक महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी (स्थापना १९६२) संलग्न आहेत आणि उच्च शिक्षण सहसंचालकांचे विभागीय कार्यालयही कोल्हापुरातच आहे. त्यामुळे फाइल तिकडे जाते.

तत्त्वज्ञानाचा विभाग बहुधा एकाच अध्यापकावर चालतो. तो निवृत्त झाला की विषयच अडचणीत येतो, कारण उरलेले तास ‘वर्कलोड भरायला’ मराठीच्या किंवा समाजशास्त्राच्या अध्यापकाकडे देणे सोपे असते. असे करू नये. तर्कशास्त्र हा सरावाचा विषय आहे. उदाहरणे सोडवून न घेणाऱ्याच्या हाती तो पाठांतराचा होतो.

पहिले काम कार्यभाराचा हिशेब. एक क्रेडिट म्हणजे १५ घड्याळी तास, म्हणजे चार क्रेडिटची विषयपत्रिका (पेपर) ६० तासांची. १५ आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला चार तास येतात. वेळापत्रकातली तासिका ४८ मिनिटांची असेल तर चार तासांच्या पाच तासिका होतात. चुका इथेच होतात: प्रस्तावात तासिका मोजतात, देयकात घड्याळी तास, आणि पाचाचे चार झाले की अध्यापकाला पगार कापल्यासारखे वाटते. मोजमाप कोणते, हे नेमणूकपत्रातच लिहावे. सहायक प्राध्यापकाचा पूर्ण कार्यभार आठवड्याला १६ घड्याळी तासांचा. सीएचबी अध्यापकाला त्याच्या निम्म्याच्या आसपासच तास देता येतात. म्हणून दोन विषयपत्रिकांपलीकडे एकाच माणसावर भिस्त ठेवू नये.

पुढचा क्रम ठरलेला आहे. विभागाचा कार्यभार प्राचार्यांच्या सहीने प्रमाणित होतो, सहसंचालक कार्यालयाची परवानगी येते, जाहिरात निघते, विषयतज्ज्ञासह निवड समिती मुलाखती घेते आणि निवडीचा प्रस्ताव मान्यतेसाठी विद्यापीठाकडे जातो. परवानगीची वाट पाहत बसले तर सत्र जूनअखेरीस सुरू होऊन अध्यापक सप्टेंबरात येतो. समजा, आठच आठवडे उरले: ६० तास पुरे करायला आठवड्याला साडेसात तास लागतात आणि दुसऱ्या विषयपत्रिकेला जागाच राहत नाही. कार्यभाराचा तक्ता एप्रिलमध्येच तयार ठेवावा.

पात्रता नियमित पदाचीच: तत्त्वज्ञानात ५५ टक्के गुणांसह एम. ए. (राखीव प्रवर्गांना सवलत) आणि नेट किंवा सेट ही राष्ट्रीय किंवा राज्य पातळीवरची अध्यापक पात्रता परीक्षा; नियमानुसार मिळवलेल्या पीएच. डी.ला नेट-सेटमधून सूट आहे. विषय ‘संबंधित’ असावा लागतो, ही अट या भागात नेमकी बोचते. वाईला संस्कृत शास्त्रे शिकवणाऱ्या प्राज्ञपाठशाळेची परंपरा आहे. न्यायदर्शन आणि वेदान्त मुळातून वाचलेली माणसे या परिसरात भेटतात. पण पदवी संस्कृतची असेल तर तत्त्वज्ञानाच्या जागेवर मान्यता मिळत नाही. अशांना एखाद्या घटकावर पाहुणे व्याख्याते म्हणून जरूर बोलवावे. नेमणुकीची आशा मात्र दाखवू नये.

मुलाखतीत तत्त्ववेत्त्यांची नावे विचारून काही कळत नाही. उमेदवाराला फळ्यापाशी उभे करावे आणि एक युक्तिवाद द्यावा: सर्व शेतकरी कष्टाळू आहेत, रामू कष्टाळू आहे, म्हणून रामू शेतकरी आहे. निष्कर्ष त्यातून निघत नाही, हे कोणीही सांगेल. ‘कष्टाळू’ हे मध्यपद दोन्ही विधानांत अव्याप्त आहे, कष्टाळूंच्या सगळ्या वर्गाबद्दल एकही विधान बोलत नाही, हे बारावीला तर्कशास्त्र न घेतलेल्या मुलांना समजेल अशा मराठीत सांगता येते का, ते पाहावे. मग धूर पाहून डोंगरावर अग्नी असल्याचे अनुमान प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन या पाच अवयवांत मांडायला सांगावे. दहा मिनिटांत माणूस कळतो.

पात्र उमेदवार अनेकदा पुण्याहून येतो. साताऱ्याला तो एसटीने जाऊन-येऊन करू शकतो, सांगलीला ते रोज परवडत नाही. त्याचे तास लागोपाठच्या तीन दिवसांत बसवावेत, पण तर्कशास्त्राच्या दोन तासिका सलग ठेवू नयेत. मधल्या वेळेत मुलांनी उदाहरणे सोडवायची असतात.

मानधन प्रत्यक्ष घेतलेल्या तासांचेच मिळते. सुट्टी, संप, परीक्षेचे दिवस कोरडे जातात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकासाठी व्याख्यानाला १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये सुचवले. राज्यातील महाविद्यालयांत शासन निर्णयाने ठरलेला, त्याहून कमी दर लागू होतो. देयक हजेरीपत्रक आणि तासिका नोंदवहीवरून बनते. नोंदवहीत घटकाचे नाव नसेल किंवा प्राचार्यांची सही राहिली असेल तर देयक परत येते आणि पैसे महिनोन्‌महिने अडकतात. दर शनिवारी सही घेणे हा त्यावरचा साधा उपाय. अंतर्गत मूल्यमापन, प्रश्नपत्रिका काढणे आणि पर्यवेक्षण यांचे मानधन वेगळे मिळणार की नाही, हेही नेमणूकपत्रात असावे. नाहीतर ही कामे सीएचबी अध्यापकाकडून फुकट करून घेतली जातात.