जास्वंद की सिरियाकस? कात्री उचलण्याआधी पान बघा

दोन्हींना सरसकट 'जास्वंद' म्हटलं जातं आणि घोटाळा तिथेच होतो. आपल्या ओळखीची जास्वंद म्हणजे हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस. थंड प्रदेशात उन्हाळा सरता सरता फुलणारं झुडूप म्हणजे हिबिस्कस सिरियाकस, ज्याला रोझ ऑफ शॅरनही म्हणतात. नावात सीरिया असला तरी झाड मूळचं चीनकडचं. 1753 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने नाव ठेवलं ते सीरियातल्या बागांमधल्या झाडांवरून. दक्षिण कोरियाचं राष्ट्रीय फूल हेच, मुगुंगह्वा.

ओळखायला पान पुरतं. जास्वंदीचं पान गडद, तुकतुकीत, अखंड. सिरियाकसचं पान फिकट, चमक नसलेलं, बहुतेकदा तीन भागांत कापल्यासारखं. फूल असेल तर मधला केसरदांडा बघा. जास्वंदीचा लांब, पाकळ्यांबाहेर आलेला. सिरियाकसचा आखूड, आतच राहणारा, आणि पाकळ्यांच्या बुडाशी बहुधा गडद लाल डाग. फूल पिवळं किंवा केशरी असेल तर ते सिरियाकस नक्कीच नाही.

खरा फरक थंडीत कळतो. पारा 10 अंशांखाली गेला की जास्वंद कुढायला लागते आणि हिमकडाका तिला मारतो, म्हणून कुंडी घरात, उजेडाच्या खिडकीशी घ्यावी लागते. सिरियाकस पानं गाळून बाहेरच झोपतं. जमिनीत नीट मुरलेलं झाड उणे 20 अंशही सोसतं. त्याला घरात आणून ऊब देऊ नका, विश्रांती मोडते.

मला सगळ्यात वाईट वाटतं ते वसंतात. आजूबाजूची झाडं हिरवी होतात, सिरियाकसच्या मात्र नुसत्या काड्या. ते मुळातच उशिरा फुटतं, पण लोक 'मेलं' म्हणून जिवंत झाड उपटून टाकतात. नखाने साल जराशी खरवडा. खाली ओलसर हिरवं दिसलं की थांबा. शेंडा वाळला असेल तर हिरवं लागेपर्यंत खाली खाली तपासत जा आणि तिथवरच कापा.

छाटणीचंही तसंच. सिरियाकस त्याच वर्षीच्या नव्या फुटव्यावर फुलतं, त्यामुळे थंडी संपता संपता, डोळे, म्हणजे फांदीवरचे बारीक कोंब, फुटण्याआधी छाटायचं. फांदीवर दोन-तीन डोळे ठेवलेत तर फुलं कमी पण मोठी येतात, न छाटलेल्या झाडावर लहान आणि पुष्कळ. नवे फुटवे वाढल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडावर कात्री चालवली की त्या वर्षीचा बहर आपल्याच हातांनी गेला. जास्वंदही नव्या फुटव्यावरच फुलते, पण उबदार हवेत ती वर्षभर वाढते, म्हणून तिचे शेंडे अधूनमधून खुडले तरी चालतात.

ऊन दोघांनाही भरपूर, निदान सहा तास. निचरा हवाच. कळ्या न उमलता गळत असतील तर खत ओतण्याआधी पाणी तपासा. माती एकदा कडक सुकणं आणि एकदा तुडुंब भरणं, हे बरेचदा मूळ कारण असतं.

सिरियाकस लावताना एक गोष्ट आधीच ठरवा. त्याच्या बोंडांतून बी पडून झाडाखाली रोपांचं रान माजतं. ते नको असेल तर 'डायना'सारखी, बी जवळजवळ न धरणारी पांढरी जात घ्या. इतर जातींची बोंडं तडकण्याआधी काढा आणि उगवलेली रोपं बोटभर असतानाच उपटा, कारण मूळ खोल गेलं की ती सहजी निघत नाहीत.