कमी तास चाललेलं इंजिन म्हणजे चांगली यॉट?

जुनी मोटर यॉट विकणारा हमखास सांगतो, "इंजिन फक्त ३०० तास चाललंय!" ऐकणाराही खूश. पण बोट २० वर्षांची असेल तर हे वर्षाला जेमतेम १५ तास झाले. बाकी काळ ती धक्क्याला बांधून होती, आणि खाऱ्या हवेत नुसतं पडून राहणं डिझेल इंजिनाला मानवत नाही.

इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी खेचणाऱ्या पंपातला रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) एकाच जागी दबून वाकडा होतो. एक्झॉस्टचा एल्बो (धूर बाहेर नेणारा वाकडा पाइप) आतून गंजत जातो. बाहेरून रंग मात्र चकचकीत. अर्ध्या रिकाम्या टाकीत बाष्प जमतं, डिझेलखाली पाणी बसतं आणि दोघांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढून चिकट गाळ होतो. समुद्र खवळला की हा गाळ ढवळून फिल्टर तुंबवतो. नेमकं नको तेव्हा.

त्यापेक्षा नियमित वापरलेलं, तेल बदलल्याच्या नोंदी असलेलं २,००० तासांचं इंजिन मी आधी बघेन (डोळे झाकून नव्हे). इंजिन थंड असताना सुरू करायला लावा, तेलाचा नमुना प्रयोगशाळेत द्या आणि पूर्ण थ्रॉटलवर ते कंपनीने ठरवलेला आरपीएम (मिनिटाला फेरे) न तापता गाठतं का, हे समुद्रात जाऊन पाहा.