सेन्सॉर सर्टिफिकेट: अर्ज सोपा आहे, फाइल अडकते ती आधीच्या कागदांवर

पहिला चित्रपट करणारा निर्माता भेटला की पहिला प्रश्न शिव्यांचाच असतो. "दोन ठिकाणी आहेत, कापतील का?" मराठी चित्रपटांच्या फाइली लावून देताना मी मात्र पुन्हा पुन्हा वेगळंच पाहतो. शिव्यांवर काही ना काही मार्ग निघतो. मार्ग निघत नाही तो पाचव्या मिनिटाला शेतात दिसलेल्या बैलजोडीवर. चित्रीकरण होऊन आठ महिने झालेले असतात, बैल कोणाचे होते ते कोणाला आठवत नाही आणि प्रदर्शनाचा शुक्रवार ठरवून पोस्टर छापून झालेली असतात. अशा वेळी निर्मात्याचा चेहरा बघवत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

कोणाला लागतं, कोणाला नाही

आपण ज्याला सेन्सॉर बोर्ड म्हणतो त्याचं नाव १९८३ पासून केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ असं आहे. कायदा १९५२चा, त्यात २०२३ साली मोठी दुरुस्ती झाली आणि नियम मार्च २०२४ मध्ये पूर्ण बदलले. व्हॉट्सअॅपवर अजून १९८३च्या नियमांच्या याद्या फिरतात. त्यांवर विसंबून कागद गोळा करू नका.

चित्रपटगृहात किंवा कुठल्याही जाहीर ठिकाणी दाखवायचं असेल तर प्रमाणपत्र लागतं. लघुपट, माहितीपट, ट्रेलर, जाहिरात यांनाही ते लागतं, आणि ट्रेलरचा अर्ज चित्रपटापेक्षा वेगळा असतो. फक्त ओटीटीवर किंवा यूट्यूबवर टाकणार असाल तर या मंडळाकडे यावं लागत नाही. ओटीटी कंपन्या २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे वयाची वर्गवारी स्वतःच करतात. महोत्सवात दाखवण्यासाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट मिळते, पण ती त्या महोत्सवापुरतीच. तीच प्रत नंतर गावातल्या सभागृहात तिकीट लावून दाखवता येत नाही. नाटकवाल्यांचा अजून गोंधळ होतो, म्हणून सांगतो: नाटकाच्या संहितेसाठी राज्याचं रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आहे. त्याचा आणि याचा संबंध नाही.

अर्ज ई-सिनेप्रमाण या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. मंडळाची देशात नऊ प्रादेशिक कार्यालयं आहेत. मराठी चित्रपट बहुतेक वेळा मुंबई कार्यालयात जातात. अर्जदार म्हणजे निर्माता किंवा त्याने लेखी अधिकार दिलेली व्यक्ती. ७२ मिनिटांपर्यंतचा तो लघुपट, त्याहून मोठा तो पूर्ण लांबीचा. सारांश, संवादसंहिता, गाण्यांचे पूर्ण शब्द, श्रेयनामावली, निर्मात्याची आणि कंपनीची ओळखपत्रं, शीर्षक नोंदणीचं पत्र आणि लांबीप्रमाणे शुल्क. इथपर्यंत कोणी फारसं अडत नाही. एकच काळजी घ्या: शीर्षक एका भागीदाराच्या नावावर, बँक खातं कंपनीचं आणि अर्ज तिसऱ्याच नावाने, असं होऊ देऊ नका. तिन्हीकडे एकच नाव ठेवा. संहिता अंतिम चित्रपटाचीच द्या. चित्रीकरणाला नेलेली पटकथा आणि एडिट झालेला चित्रपट यांत जमीनअस्मानाचं अंतर असतं आणि मंडळाच्या वतीने चित्रपट पाहणाऱ्या समितीला ते लगेच दिसतं.

प्राण्यांचा कागद

मराठी चित्रपटात गाव आलं की बैल, गाय, शेळी, कोंबडी आणि वाटेतलं कुत्रं आलंच. प्राण्यांबाबत भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं ना हरकत प्रमाणपत्र फाइलला जोडावं लागतं. हे मंडळ पूर्वी चेन्नईत होतं, आता हरियाणात बल्लभगढला आहे. जुन्या पत्त्यावर टपाल पाठवू नका.

लोक चुकतात ते इथेच: हा कागद दोन टप्प्यांत मिळतो आणि पहिला टप्पा चित्रीकरणाच्या आधीचा आहे. प्राण्याचा मालक कोण, कुठल्या प्रसंगात तो काय करणार, ही माहिती देऊन आधी परवानगी घ्यायची. नोंदणीकृत पशुवैद्यकाकडून प्राणी तंदुरुस्त असल्याचा दाखला घ्यायचा. चित्रीकरण झालं की ती दृश्यं दाखवून अंतिम ना हरकत मिळवायची. पहिलं पाऊल चुकलं तर दुसरं टाकायला जागाच राहत नाही. "आता काढून देतो" म्हणणारा माणूस भेटला तर त्याच्या हाती पैसे देऊ नका. मागच्या तारखेचा पशुवैद्यकाचा दाखला म्हणजे खोटा कागद, आणि त्यावर सही तुमची असते.

प्राणी मुद्दाम आणलेला नव्हता, सहज फ्रेममध्ये आला, तरी त्याचा लेखी खुलासा द्यावा लागतो. संगणकावर तयार केलेला प्राणी असेल तर तो कसा तयार केला याचा पुरावा लागतो, म्हणून व्हीएफएक्सवाल्याकडून मधल्या टप्प्यांच्या फाइली मागून ठेवा. विकत घेतलेलं चित्रण असेल तर त्याचा परवाना जपा. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना खेळांसाठी शिकवण्यावर आणि दाखवण्यावर १९९८ पासून बंदी आहे. २०११ मध्ये त्या यादीत बैलही आला. पुढे राज्याने कायदा बदलला आणि १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. त्यामुळे बैलगाडा शर्यती कायदेशीर ठरल्या, पण शर्यतीला परवानगी मिळाली म्हणजे शर्यतीच्या चित्रीकरणाला मिळाली, असं नाही. शर्यतीवर कथा बेतली असेल तर पटकथा हातात असतानाच विचारणा करा. नागपंचमीच्या प्रसंगासाठी गारुड्याकडून खरा नाग आणणं तर वन्यजीव कायद्याच्या कचाट्यात सापडणं आहे.

प्राण्यांचे हाल होऊ नयेत हा नियमाचा हेतू मला पूर्ण मान्य आहे. एके काळी पडद्यावर घोडे खरोखर पाडले जात. पण गोठ्यात उभ्या राहिलेल्या म्हशीसाठी आणि उंचावरून उडी मारायला लावलेल्या घोड्यासाठी जवळजवळ सारखाच कागदी प्रवास ठेवणं हे कमी भांडवलाच्या माणसाला परवडणारं नाही. साध्या दृश्यांसाठी जिल्हा पातळीवर सोय व्हायला हवी. ती होईपर्यंत तुमच्या हातात एकच गोष्ट आहे: लोकेशन ठरतं त्याच आठवड्यात प्राण्यांची यादी करायला बसा.

बालकलाकारांसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हाही असाच चित्रीकरणाआधीचा कागद. कथा सैन्यावर असेल तर संरक्षण मंत्रालयाच्या ना हरकतीचा विचारही आधीच करा. आपल्याकडे काही गावांत घरटी एक जवान असतो, त्यामुळे असे विषय सुचतातही खूप.

बिडी, तंबाखू आणि भाषा

आजोबांच्या हातात बिडी, आजीच्या बोटावर मिश्री, कट्ट्यावर तंबाखूचा विडा मळणारा मित्र. सिगारेट नाही म्हणून हे धरायचं नाही, असं अनेकांना वाटतं. नियम सर्व तंबाखूजन्य पदार्थांना लागू आहे. सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर किमान ३० सेकंदांची आरोग्य चित्रफीत, त्याशिवाय दोन्ही ठिकाणी किमान २० सेकंदांचं दृक्‌श्राव्य निवेदन, आणि तंबाखू पडद्यावर असेपर्यंत खाली इशारा. पुडीवरचं कंपनीचं नाव दिसता कामा नये. प्रसंगात तंबाखू का हवी याचं लेखी कारण तयार ठेवा.

फाइल परत येते ती भाषेवरून. चित्रपट मराठी असेल तर हा मजकूर मराठीत हवा. हिंदी चित्रफीत हाताशी होती म्हणून जोडली की त्रुटी निघते. श्रेयनामावलीचंही तेच. चित्रपटाचं नाव आणि नामावली चित्रपटाच्या भाषेत हवी, दुसरी भाषा सोबत चालते. फक्त रोमन लिपीतली देखणी नामावली करून आणली तर ती पुन्हा करावी लागेल, आणि एडिटर तोवर दुसऱ्या कामाला लागलेला असतो.

जमा करायची प्रत पूर्ण झालेली हवी. पार्श्वसंगीत, ध्वनी, सगळं बसलेलं. "संगीत नंतर टाकतो, आधी पाहून घ्या" असं चालत नाही.

तारखा

२०२४च्या नियमांत पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी जास्तीत जास्त ४८ आणि लघुपटासाठी १८ कामकाजाचे दिवस धरले आहेत. कामकाजाचे हा शब्द नीट वाचा. पाच दिवसांचा आठवडा धरला तर ४८ दिवस म्हणजे जवळजवळ दहा आठवडे, त्यात दिवाळी किंवा गणपती आले तर आणखी. प्रत्यक्षात बहुतेकांना याहून खूप लवकर प्रमाणपत्र मिळतं, पण प्रदर्शनाची तारीख त्या भरवशावर जाहीर करू नका. त्रुटी दूर करायला तुम्ही घेतलेला वेळ तुमचाच. प्राधान्याने पाहण्याची सोय नव्या नियमांत आहे, पण त्याने चित्रपट लवकर पाहिला जातो, नसलेला कागद तयार होत नाही.

दुसरी तारीख ३१ डिसेंबर. राष्ट्रीय पुरस्कार आणि राज्य मराठी चित्रपट पुरस्कार यांसाठी त्या वर्षात १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात मिळालेलं प्रमाणपत्र धरतात. प्रदर्शनाची तारीख नाही आणि अर्जाची तर नाहीच. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात अर्ज करून "या वर्षात बसलो" असं समजणारे दरवर्षी भेटतात. त्यांचं वर्ष जातं.

तिसरी आणखी नवी. श्रवण आणि दृष्टिबाधित प्रेक्षकांसाठी उपशीर्षकं, ध्वनिवर्णन अशा सोयींबाबत १५ मार्च २०२४ रोजी मार्गदर्शक तत्त्वं आली. एकाहून अधिक भाषांत प्रमाणित होणाऱ्या चित्रपटांना सहा महिन्यांची आणि बाकी सर्वांना दोन वर्षांची मुदत होती. "आपला एकाच भाषेत आहे, आपल्याला लागू नाही" हा समज चुकीचा. एका भाषेतल्या चित्रपटाला फक्त मुदत जास्त दिली होती.

आक्षेपार्ह काय, आणि श्रेणी कोणती

आता शिव्यांकडे. शब्दांची अधिकृत बंदी-यादी अस्तित्वात नाही. २०१५ मध्ये अशी एक यादी फिरली होती, विरोध झाला आणि ती थांबवली गेली. आधार आहे तो १९९१च्या मार्गदर्शक तत्त्वांचा. हिंसेचं उदात्तीकरण, मुलांना हिंसेत गुंतवणं, स्त्रियांचा अपमान, लैंगिक हिंसेचं चित्रण, व्यसनाचा गौरव, जात-धर्माबद्दल तिरस्कार, अश्लील द्वयर्थी शब्द हे त्यातले मुद्दे. द्वयर्थी संवाद आणि मंडळ यांचा झगडा दादा कोंडके यांच्या काळापासून आपल्याला ठाऊक आहे. पण त्याच तत्त्वांत असंही म्हटलंय, की चित्रपट समग्रपणे पाहावा आणि त्याचा एकूण परिणाम विचारात घ्यावा. समितीने कट सुचवून पाठवलेल्या नोटिशीला उत्तर देताना हे वाक्य तुमच्या सर्वांत जास्त कामाचं. "हे काढणार नाही" एवढंच लिहू नका. तो संवाद कोण, कोणाला, कुठल्या प्रसंगी म्हणतो आणि चित्रपट त्याच्या बाजूने आहे की विरोधात, ते लिहा. मराठीत जातिवाचक शब्द शिवीसारखे सर्रास येतात. तिथे समिती थांबतेच, आणि थांबावंच. जातीय अन्यायावरचा चित्रपट असेल तर मात्र तो शब्द का हवा, हे शांतपणे मांडता येतं.

श्रेणी अशा: सर्वांसाठी यू, पालकांनी विचार करावा अशा यूए ७+, १३+ आणि १६+, प्रौढांसाठी ए, आणि डॉक्टरांसारख्या विशिष्ट वर्गासाठी एस. यूएपुढचा आकडा पालकांच्या मार्गदर्शनासाठी आहे. १६+ लिहिलंय म्हणून तिकीटबारीवर मुलाला अडवता येत नाही. 'ए' श्रेणीचं बंधन मात्र कायद्याचं आहे. अर्जात अपेक्षित श्रेणी लिहिताना चॅनेलवाल्यांशी झालेलं बोलणं आठवा: 'ए' श्रेणी मिळालेला चित्रपट टीव्हीवर तसाच दाखवता येत नाही, त्यासाठी बदल करून वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. खर्च टीव्ही हक्कांतून काढायचा असेल तर हा निर्णय एडिटच्या टेबलावर घ्या.

तपास समितीचा निर्णय मान्य नसेल तर पुनरीक्षण समितीकडे जाता येतं. तिथेही पटलं नाही तर पूर्वी अपिलीय न्यायाधिकरण होतं, ते एप्रिल २०२१ मध्ये बंद झालं. आता थेट उच्च न्यायालय. मुदत ३० दिवसांची, आदेशाच्या तारखेपासून. तुम्ही पोर्टल उघडून पाहिलं त्या तारखेपासून नाही. सबळ कारण असेल तर आणखी ३० दिवस मिळू शकतात. पुण्यात किंवा कोल्हापुरात बसून छोटा चित्रपट करणाऱ्याला उच्च न्यायालयाचा खर्च झेपत नाही, म्हणून तो मुकाट्याने कट स्वीकारतो. न्यायाधिकरण बंद करताना या माणसाचा विचार झाला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रमाणपत्र मिळाल्यावर

२०२३च्या दुरुस्तीनंतर प्रमाणपत्राला मुदत नाही, ते कायमचं. चित्रपटाच्या सुरुवातीला ते किमान १० सेकंद दिसलं पाहिजे आणि पोस्टरवर श्रेणी हवी. त्यानंतर एखादं प्रमोशनचं गाणं शेवटी जोडलं, गाळलेला प्रसंग परत घातला, किंवा पहिल्या आठवड्यानंतर दहा मिनिटं कमी केली, तर तो बदल मंडळाला कळवून नोंदवून घ्यावाच लागतो. न नोंदवता बदललेली प्रत दाखवणं हा गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. कट कुठले झाले ते प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागात लिहिलेलं असतं. तो भाग घेऊन एकदा एडिटरशेजारी बसा आणि चित्रपटगृहांना जाणारी फाइल त्याच्याशी ओळीनं ओळ ताडून पाहा.