नूतनीकरणक्षम डिझेल आणि ग्रामीण विदर्भ

नूतनीकरणक्षम डिझेल (हरित डिझेल; इंग्रजीत एचव्हीओ, म्हणजे हायड्रोजनची प्रक्रिया केलेले वनस्पती तेल) : वापरून झालेले खाद्यतेल, प्राण्यांची चरबी, तेल शुद्धीकरणातला गाळ अशा टाकाऊ स्निग्ध पदार्थांवर हायड्रोजनची प्रक्रिया करून मिळणारे वाहन-इंधन. त्याची रासायनिक घडण खनिज डिझेलसारखीच असते, त्यामुळे ट्रॅक्टर, मळणीयंत्र किंवा एसटीच्या इंजिनात फेरफार न करता ते वापरता येते. बायोडिझेल म्हणजे हेच, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे आणि शेतकऱ्याला महागात पडू शकतो.

बायोडिझेल करताना तेलाची मिथेनॉलशी अभिक्रिया करून ग्लिसरीन वेगळे काढतात. उरलेल्या एस्टरमध्ये, म्हणजेच बायोडिझेलमध्ये, ऑक्सिजन तसाच राहतो. नूतनीकरणक्षम डिझेलसाठी मात्र तेल साधारण 300 ते 400 अंश सेल्सिअसला, मोठ्या दाबाखाली, हायड्रोजनसोबत उत्प्रेरकावरून नेतात. ऑक्सिजन पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो, ग्लिसरीनच्या भागाचा प्रोपेन वायू बनतो आणि हायड्रोकार्बनच्या सरळ साखळ्या उरतात. पुढच्या टप्प्यात या साखळ्यांना फाटे फोडले, की इंधन थंडीत गोठत नाही.

विदर्भाच्या हवामानात हा फरक नेमका जाणवतो. आपल्या हॉटेलांतल्या तळणात पामतेल भरपूर असते. त्यापासून केलेले बायोडिझेल थंडीत लवकर गढूळ होते आणि डिसेंबर-जानेवारीत नागपूर-गोंदियाचा पारा 10 अंशांखाली जातो. अशा पहाटे ट्रॅक्टर सुरू करायला गेले तर फिल्टर तुंबलेला सापडतो. उन्हाळ्यात अडचण उलटी : 45 अंशांच्या तापात टाकीत पडून राहिलेल्या बायोडिझेलचे ऑक्सिडीकरण होऊन ते बिघडते. नूतनीकरणक्षम डिझेल या दोन्हींत टिकते. त्याचा सीटेन अंक (इंजिनात इंधन किती सहज पेट घेते याचे माप) 70 च्या वर असतो, खनिज डिझेलला भारतात किमान 51 लागतो. घनता थोडी कमी असल्याने लिटरमागे ऊर्जा किंचित कमी मिळते.

मोठ्या प्रमाणावर हे इंधन प्रथम फिनलंडमधील नेस्ते कंपनीने 2007 मध्ये पोर्वो येथे बनवले. पुढे सिंगापूर आणि रॉटरडॅम येथे कारखाने निघाले. भारताच्या 2018 च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात 2030 पर्यंत डिझेलमध्ये 5 टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट आहे, आणि थेट वापरता येणाऱ्या अशा इंधनांनाही त्यात स्थान आहे. देश खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल आयात करतो. तेव्हा ताजे तेल इंजिनात जाळणे इथे परवडणारे नाही आणि योग्यही नाही. टाकाऊ मालाचे महत्त्व इथूनच सुरू होते.

विदर्भात असा माल तीन ठिकाणी आहे. पहिला तळणाचा. बाजाराच्या दिवशी आलुबोंडे आणि भजी काढणाऱ्या कढया, शेगावची कचोरी, लग्न-तेरवीचे स्वयंपाक. तेलातील एकूण ध्रुवीय संयुगे (तेल पुन्हापुन्हा तापवल्याने वाढणारे खराब घटक) 25 टक्क्यांवर गेली की ते तळणासाठी वापरू नये, असा नियम अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 1 जुलै 2018 पासून लागू केला. खेड्यात हे मोजणार कोण? काळे पडलेले तेल पुन्हा कढईत, नाहीतर नालीत जाते. इंधनासाठी त्याला भाव मिळाला तर ते लोकांच्या पोटात जायचेही थांबेल, आणि या इंधनाचा हा फायदा प्रदूषण घटण्याइतकाच मोलाचा आहे.

दुसरा माल गिरण्यांचा. सरकीचे तेल शुद्ध करताना साबणासारखा गाळ निघतो. गोंदिया-भंडाऱ्याच्या भातगिरण्यांतील कोंड्याचे तेल लगेच काढले नाही, तर विकरांमुळे त्याची आम्लता झपाट्याने वाढते आणि ते खाण्याजोगे राहत नाही. जास्त आम्लतेचे तेल बायोडिझेलच्या नेहमीच्या पद्धतीत साबण होऊन बसते. हायड्रोजनच्या प्रक्रियेत आम्लतेची अडचण तितकी नसते, फक्त क्षार, फॉस्फरस आणि कचरा आधी काढावा लागतो.

तिसरा माल पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे), तुराट्या (तुरीच्या काड्या) आणि तणस (भाताचा पेंढा). यांत तेल नाही. त्यांचा आधी वायू करून मग फिशर-ट्रॉप्श पद्धतीने (वायूपासून उत्प्रेरकावर द्रव इंधन बनवण्याची रीत) डिझेल काढावे लागते, आणि ते फार खर्चिक आहे. गुलाबी बोंडअळीमुळे फरदड (वेचणीनंतर त्याच झाडांवर घेतलेले पुढचे पीक) न घेता पऱ्हाटी वेळेत काढण्याचा सल्ला कृषी विभाग देतो. त्यातली काही चुलीत, काही कुडाला लागते, बाकीची धुऱ्यावर पेटवतात. तरी सगळी पऱ्हाटी कारखान्याला देणे बरे नव्हे. सेंद्रिय कर्ब घटलेल्या इथल्या काळ्या मातीचा तिच्यावर पहिला हक्क आहे.

प्लॅस्टिक कचऱ्यापासून काढलेले तेल या नोंदीत बसत नाही. नागपूरच्या प्रा. अलका झाडगावकर यांच्या अशा प्रयोगाचा देशभर बोलबाला झाला. परंतु प्लॅस्टिकचे मूळ खनिज तेलच असल्याने ते इंधन नूतनीकरणक्षम ठरत नाही. बायोडिझेलच्या नावाने स्वस्तात विकले जाणारे औद्योगिक द्रावण तर इंजिनाचा पंप आणि नोझल खराब करते. परवाना नसलेल्या ठिकाणाहून ते घेऊच नये.

हायड्रोजन आणि मोठा दाब सांभाळणारा कारखाना तालुक्याच्या पातळीवर उभा राहत नाही, ते रिफायनरीचे काम आहे. गावाच्या हाती संकलन आहे, आणि विदर्भात खरी कमतरता त्याचीच आहे : एकेका हॉटेलातून जेमतेम काही लिटर तेल निघते, गावे लांब आणि वाहतूक महाग. महिला बचत गट आठवडी बाजारातून तेल गोळा करून एका ठिकाणी साठवू शकतील. ते गरम असताना नव्हे, कोमट झाल्यावर गाळावे, झाकणाच्या कोरड्या डब्यात सावलीत ठेवावे आणि इंजिनाचे जळालेले ऑइल त्यात मिसळू देऊ नये. पाणी शिरले तर आम्लता वाढते आणि भाव पडतो.